ओटीपोटाच्या तळाची काळजी: मोहल्ल्याच्या वर्गात शिकता येणारा इलाज

शुगर, बीपी, थायरॉइड यांची चर्चा आपल्या घरांत दस्तरखानावर बसूनही होते. पण खोकला आला की लघवी सुटते, खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटतं, हे कित्येक बायका सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. लग्नाला जायचं तर आधी तिथे बाथरूम कुठे आहे याची चौकशी करायची. एसटीचा लांबचा प्रवास असेल तर सकाळपासून पाणी बंद. नमाजेला उभं राहिलं की वुजू टिकला की नाही ही धाकधूक. "तीन-चार बाळंतपणं झाली की असंच होतं," असं म्हणत वर्षं निघून जातात.

या लेखात आम्हाला मुख्य गोष्ट एवढीच सांगायची आहे की हा त्रास बऱ्याच जणींना असतो, पण तो नशिबाचा भाग नाही. बऱ्याच वेळा त्यामागे स्नायूंची कमजोरी असते आणि योग्य व्यायामाने ती भरून येते. हा व्यायाम नुसतं वाचून अनेकांना जमत नाही, कुणीतरी शिकवावा लागतो. आणि शिकायला सर्वांत सोपी जागा म्हणजे आपल्याच मोहल्ल्यातला बायकांचा वर्ग.

हा तळ म्हणजे नेमकं काय?

आपल्या ओटीपोटात पुढे लघवीची पिशवी, मध्ये गर्भाशय आणि मागे गुदाशय असतं. या तिघांना खालून आधार देणारा स्नायूंचा एक पट्टा असतो. पुढे जांघेच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत तो झोळीसारखा ताणलेला असतो. डॉक्टर त्याला पेल्विक फ्लोअर म्हणतात. लघवी, योनी आणि शौच या तिन्ही मार्गांभोवती हेच स्नायू असतात. ते आवळले की मार्ग बंद राहतो, सैल सोडले की लघवी-शौच होतं. पुरुषांनाही असे स्नायू असतात, फक्त त्यांच्यात मार्ग दोन असतात.

ही झोळी सैल पडण्याची कारणं आपल्या रोजच्या जगण्यातलीच आहेत. गरोदरपणात नऊ महिने बाळाचं वजन तिच्यावर असतं आणि बाळंतपणात ती खूप ताणली जाते. कळा फार लांबल्या किंवा चिमटा लावावा लागला तर इजा जास्त होते. त्याशिवाय सततचा खोकला, दमा, चुलीचा धूर, जुनं बद्धकोष्ठ आणि रोजचं कुंथणं, डोक्यावर-कमरेवर पाण्याचे हंडे वाहणं, वाढलेलं वजन यांचाही भार पडतो. पाळी गेल्यावर शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं, तेव्हा तिथली त्वचा आणि पेशी पातळ होतात आणि दबलेला त्रास वर येतो.

"माझं सिझर झालंय, मला काही होणार नाही," असं काही जणी समजतात. सिझरने धोका कमी होतो, पण संपत नाही, कारण नऊ महिन्यांचं ओझं तर त्या झोळीनेच पेललेलं असतं.

गप्प राहिल्याचं मोल

महाराष्ट्रात हा विषय पहिल्यांदा ठळकपणे पुढे आला तो गडचिरोलीतून. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अनेक स्त्रीरोग होते. त्याआधी कधी तपासणी झालेल्या मात्र फक्त ८ टक्के होत्या. त्यांतले बरेच आजार जंतुसंसर्गाचे होते, सगळे स्नायूंचे नव्हते. पण सहन करायचं आणि बोलायचं नाही, ही सवय किती खोल आहे ते त्या आकड्यांतून दिसलं.

गप्प राहण्याची दुसरी बाजू बीड जिल्ह्यात दिसली. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली जात असल्याच्या तक्रारी आल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. त्रास सुरू होतो तेव्हा कुणाला सांगायचं नाही, वाढला की थेट ऑपरेशन, ही वाट मोडायची असेल तर मधला टप्पा उभा करावा लागेल. वर्ग हा तो मधला टप्पा आहे.

व्यायाम जुना आहे, सिद्ध आहे

अमेरिकन डॉक्टर आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामावर लेख लिहिला, म्हणून आजही याला 'केगेल' म्हणतात. ब्रिटनमध्ये 'नाइस' या संस्थेच्या वैद्यकीय मार्गदर्शिकेत खोकताना-शिंकताना लघवी सुटणाऱ्या स्त्रियांसाठी पहिला इलाज म्हणून हाच व्यायाम सांगितला आहे: तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, किमान तीन महिने, दिवसातून तीन वेळा आणि प्रत्येक वेळी किमान ८ वेळा आवळणं. फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर या स्नायूंच्या प्रशिक्षणाचा खर्च सरकारी आरोग्य विमा उचलतो.

करायचा कसा?

पाठीवर झोपा आणि गुडघे वाकवा. आता गॅस रोखायचा आहे असं समजून मागचा मार्ग आवळा. तोच ताण पुढे लघवीच्या मार्गापर्यंत आणा आणि सगळं आतून वर उचला. पोट, मांड्या आणि कुल्हे सैल राहिले पाहिजेत. श्वास चालू ठेवा, मोठ्याने आकडे मोजलेत तर श्वास आपोआप चालू राहील.

- सुरुवातीला ३ ते ५ सेकंद धरा, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडा. असं ८ ते १० वेळा.
- मग १० वेळा पटकन आवळा, पटकन सोडा.
- दिवसातून तीन वेळा. फजर, जोहर आणि इशाच्या नमाजेनंतर मुसल्ल्यावरच पाच मिनिटं दिलीत तर वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.
- हळूहळू धरण्याचा वेळ १० सेकंदांपर्यंत न्या. झोपून जमलं की बसून आणि मग उभं राहून करा.

सोडणं हे आवळण्याइतकंच महत्त्वाचं आहे. आणि लघवी करता करता मध्येच अडवून रोज व्यायाम करू नका, त्याने पिशवी नीट रिकामी होत नाही.

इथेच वर्गाचा उपयोग कळतो. पहिल्यांदा करताना अनेक जणी वर उचलण्याऐवजी खाली जोर देतात किंवा श्वास कोंडून पोट आवळतात. असा व्यायाम महिनोन्‌महिने केला तरी फायदा होत नाही, उलट खालचा दाब वाढतो. शिकवणारी जवळ असेल तर ती चेहरा, पोट आणि श्वास पाहून लगेच टोकते.

आणखी एक सवय लावून घ्या: आधी आवळा, मग खोका. शिंक, खोकला, बाळाला किंवा हंड्याला उचलणं, जमिनीवरून उठणं, या प्रत्येकाच्या आधी तळ आवळायचा. सजद्यातून उठताना दाब वाढतो आणि कित्येक जणींना तिथेच थेंब सुटतो. श्वास सोडत, तळ आवळत उठायची सवय लागली की फरक पडतो.

फरक दिसायला साधारण सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत काही झालं नाही म्हणून सोडू नका.

वर्ग कसा सुरू करायचा?

यासाठी मोठा निधी लागत नाही. लागतात त्या दहा-पंधरा बायका, एक बंद खोली, चटया आणि एक जाणकार व्यक्ती.

जागा: मुलींच्या मदरशाची खोली, उर्दू शाळेचा वर्ग रविवारी, अंगणवाडी किंवा कुणाचं मोठं घर. खिडक्यांना पडदे असावेत आणि जवळ स्वच्छ बाथरूम असावं. जोहर आणि असरच्या मधली वेळ बहुतेक घरांना सोयीची पडते. बरोबर आलेली लहान मुलं सांभाळायला एखादी मोठी मुलगी ठेवा.

शिकवणारी: शक्यतो नोंदणीकृत महिला फिजिओथेरपिस्ट. जवळ फिजिओथेरपी कॉलेज असेल तर तिथल्या समाज-आरोग्य विभागाला पत्र द्या, विद्यार्थिनींना असं काम हवंच असतं. जिल्हा रुग्णालयातही विचारा. आशाताई आणि एएनएम सिस्टर यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत आशाताई घरी भेटी देतात, त्यामुळे कोणती बाळंतीण त्रासात आहे हे त्यांना सर्वांत आधी कळतं. बचत गटाची बैठक असेल तर तिलाच जोडून वर्ग घेता येतो.

नियम: कपडे अंगावरच राहतील, कुणाचीही आतली तपासणी वर्गात होणार नाही. मोबाईल बंद, फोटो नाही. इथली गोष्ट इथेच राहील. कुणालाही स्वतःचा त्रास सांगायची सक्ती नाही, नुसतं बसून ऐकलं तरी चालेल. सासू आणि सून एकाच वर्गात अवघडत असतील तर दोन वेगळे गट करा.

भाषा: दखनी, कोकणी, मराठी, ज्या भाषेत बायका घरी बोलतात तीच. समजावण्याची एक सोपी पद्धत अशी: चौघींनी ओढणीची चार टोकं धरायची आणि मध्ये एक मोठा बटाटा ठेवायचा. ओढणी सैल सोडली की बटाटा खाली जातो, ताणली की वर येतो. तळाचे स्नायू म्हणजे काय, हे मिनिटभरात सगळ्यांना कळतं.

आठ आठवड्यांची आखणी अशी ठेवता येईल:

१. शरीराची ओळख, ओढणीचं प्रात्यक्षिक, वर्गाचे नियम.
२. स्नायू ओळखणं, श्वास, सैल सोडणं.
३. धरून ठेवण्याचा आणि झटपट आवळण्याचा व्यायाम.
४. खोकला, उचलणं, उठबस, घरकाम.
५. लघवीच्या सवयी आणि पाणी.
६. शौच, बद्धकोष्ठ, मूळव्याध.
७. बाळंतपण, पाळी जाणं, वैवाहिक संबंधातल्या वेदना. या दिवशी डॉक्टर किंवा सिस्टर असाव्यात.
८. आढावा: कुणाला किती फरक पडला, कुणाला दवाखान्यात पाठवायचं.

पहिल्या आणि शेवटच्या दिवशी प्रत्येकीने नाव न लिहिता चिठ्ठीवर लिहायचं: आठवड्यातून किती वेळा लघवी सुटते, कोणती कामं टाळावी लागतात. दोन्ही दिवशी चिठ्ठीवर स्वतःची एकच खूण करायची. शेवटी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की वर्गाचा उपयोग झाला की नाही ते दिसतं.

पाणी, लघवी, शौच

लघवी सुटेल म्हणून पाणी तोडणं ही चूक फार घरांत होते. पाणी कमी पडलं की लघवी गडद होते, पिशवीला टोचते आणि घाई उलट वाढते. जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठही होतं. मोठ्या माणसाला साधारण दीड ते दोन लिटर पाणी हवं, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. चहा मात्र कमी केलेला बरा.

दिवसातून सहा ते आठ वेळा लघवी होणं सामान्य आहे. "असू दे, जाऊन येते" असं म्हणून दर तासाला गेलं तर पिशवीला थोड्यावरच रिकामं होण्याची सवय लागते. तीन दिवस वेळा लिहून काढा आणि मग दोन वेळांमधलं अंतर दहा-पंधरा मिनिटांनी हळूहळू वाढवा. घाई आली की पळू नका. थांबा, बसा, तळ चार-पाच वेळा आवळा, लाट ओसरली की चालत जा. याच्या उलट, शाळेत बाथरूम घाण म्हणून आपल्या मुली दिवसभर लघवी दाबून ठेवतात. ते शाळा समितीत बोलून सोडवायला हवं.

शौचाला कुंथणं बंद करा. कमोडवर बसत असाल तर पायांखाली छोटा स्टूल ठेवा आणि पुढे वाका. भाज्या, डाळी, फळं, ज्वारी-बाजरीची भाकरी आणि गरज पडली तर पाण्यासोबत इसबगोल घ्या. रमजानमध्ये इफ्तार ते सहरी पाणी थोडं थोडं विभागून प्या आणि तळणाच्या जोडीला फळं ठेवा.

इस्तिंजा करताना पाणी आणि हात पुढून मागे न्या. योनीच्या आत साबण किंवा जंतुनाशक घालू नका, त्याने संसर्ग वाढतो.

वुजू आणि नमाजेचा प्रश्न

वर्गात हा प्रश्न हमखास येतो: "आपा, थेंब सुटत असेल तर माझी नमाज होते का?" शरियतने यावर सवलत आधीच दिलेली आहे. सतत रक्त जाणाऱ्या स्त्रीला प्रत्येक नमाजेसाठी वुजू करून नमाज पढायला सांगितल्याची हदीस प्रसिद्ध आहे. हनफी मतानुसार, एका नमाजेच्या पूर्ण वेळेत वुजू करून फर्ज पढण्याइतकीही उसंत मिळत नसेल तर ती व्यक्ती माजूर ठरते. तिने प्रत्येक वेळेसाठी एकदा वुजू करावा. कोकणातले आपले बरेच बांधव शाफई आहेत, त्यांच्याकडे वेळ सुरू झाल्यावर प्रत्येक फर्जसाठी वेगळा वुजू आहे. फक्त खोकल्यावर कधीतरी सुटत असेल तर हुकूम वेगळा असतो. आपल्या बाबतीत काय लागू होतं ते आलिमांना किंवा आलिमाला विचारून घ्या. वाकून-उठून खाली ओढ पडत असेल तर बसून नमाज पढण्याची सवलतही आहे. हजरत इमरान बिन हुसैन यांना मूळव्याध होती आणि त्यांनी विचारल्यावरच ही मुभा सांगितली गेली.

लाज वाटते म्हणून विचारायचं नाही, असं आपल्या परंपरेत नाही. अन्सारी स्त्रियांची हया त्यांना दीन शिकण्यापासून रोखत नव्हती, याबद्दल हजरत आयशा यांनी त्यांचं कौतुक केलं आहे.

हज-उमऱ्याला जाणाऱ्यांनी हा व्यायाम निघण्याच्या तीन महिने आधी सुरू करावा. तिथे चालणं खूप असतं आणि बाथरूमच्या रांगाही लांब असतात. हजच्या प्रशिक्षण शिबिरात बायकांसाठी अर्धा तास या विषयाला दिला तर मोठी सोय होईल.

पुरुषांनीही वाचावं

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर काही पुरुषांची लघवी काही काळ सुटत राहते. लघवी करून उठल्यावर कपड्यात थेंब पडण्याची तक्रार तर तरुणांतही असते. दोन्हींत हाच व्यायाम कामाला येतो. पुरुषांचा वर्ग वेगळा घ्या, शिकवणारा पुरुष फिजिओथेरपिस्ट ठेवा. आणि घरात बाळंतीण असेल तर हंडे आणि सिलिंडर उचलणं, धुण्याच्या बादल्या हलवणं, ही कामं काही आठवडे पुरुषांनी अंगावर घ्यावीत.

वर्ग पुरेसा नाही, दवाखानाच हवा असं कधी?

- लघवीतून रक्त, किंवा तापासोबत कमरेत दुखणं.
- पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त जाणं.
- बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर लघवी सतत झिरपत राहणं. तिथे भोक पडलेलं असू शकतं, ते व्यायामाने बुजत नाही.
- अंग बाहेर येणं आणि आत न जाणं, किंवा त्यावर जखम होणं.
- लघवी अडकणं, जांघेत बधिरपणा, पायांत अचानक कमजोरी. यात त्याच दिवशी रुग्णालय गाठा.
- संबंधाच्या वेळी तीव्र वेदना, लघवी सुरू व्हायला त्रास. काहींचे स्नायू सैल नसून जास्त आवळलेले असतात. त्यांना आवळण्याचा व्यायाम नको, सैल सोडण्याचा हवा.

नवीन त्रासात लघवीची आणि शुगरची तपासणी आधी करा. अंग थोडं उतरलं असेल तर व्यायामाने आराम पडतो. जास्त उतरलं असेल तर सिलिकॉनची रिंग बसवता येते आणि तिच्यावर कित्येक जणी वर्षानुवर्षं चांगल्या राहतात. कुणी थेट पिशवी काढायला सांगितलं तर चार प्रश्न विचारा: आजाराचं नाव काय? ऑपरेशनशिवाय दुसरा कोणता इलाज आहे? सहा महिने थांबलं तर काय होईल? अंडाशयं ठेवणार की काढणार? मग दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. फक्त लघवी सुटते म्हणून पिशवी काढल्याने लघवी सुटणं थांबत नाही.

पुढचं पाऊल

आपल्या मोहल्ल्यात असा वर्ग नसेल तर पुढच्या इज्तेमात किंवा बचत गटाच्या बैठकीत हा लेख वाचून दाखवा आणि विचारा, रविवारी दोन तास कोण देईल? पाच जणी तयार झाल्या तरी आशाताईंना बोलावून सुरुवात करा. तोपर्यंत आजच्या इशानंतर मुसल्ल्यावर पाच मिनिटं बसा: आठ वेळा आवळा, आठ वेळा पूर्ण सैल सोडा.